मध्यमच वर्ज्य असताना भूप कल्याण थाटातला आणि देसकार बिलावलातला कसा?

पेटीवाली, कुडाळ
मी कुडाळजवळच्या गावात संगीत विशारद परीक्षेच्या विद्यार्थ्यांना शास्त्राचा पेपर शिकवते. परवा भूप आणि देसकार या रागांची तुलना फळ्यावर मांडली. दोन्ही औडव, म्हणजे पाच स्वरांचे; दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच शुद्ध स्वर. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार (ग) व संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत (ध), देसकाराचे नेमके उलट. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देसकार सकाळी. भूप कल्याण थाटात, देसकार बिलावलात; थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठीचा सात स्वरांचा साचा. त्यावर बारावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, कल्याण आणि बिलावल या थाटांत फरक केवळ मध्यमाचा (म) आहे आणि या रागांत मध्यमच वर्ज्य आहे. मग थाट ठरवला कशावरून?" मी "चलनावरून", म्हणजे रागात स्वर कसे फिरतात त्यावरून, असे सांगितले खरे, परंतु तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही नाही. उत्तरपत्रिकेत चार ओळींत मावेल, तरीही खोटे नसेल, असे उत्तर कसे शिकवावे?

निवृत्त अध्यापक, रत्नागिरी
ताई, मुलीचा प्रश्न बिनतोड आहे, कारण केवळ स्वर मोजून याचे उत्तर निघतच नाही. कर्नाटक संगीताचा शास्त्रकार व्यंकटमखी याच्या 72 मेळांची (थाटांसारख्या स्वरसाच्यांची) कल्पना संगीतशास्त्रकार भातखंड्यांपुढे होती. त्यांनी प्रचारातील राग दहा थाटांत बसवले ते वर्गीकरणाच्या सोयीसाठी. थाट सात स्वरांचा आणि राग पाचांचा असेल, तर उरलेले दोन स्वर कोणते मानायचे, हे रागाच्या गणगोतावरून ठरवावे लागते. शुद्ध कल्याण आरोहात भुपासारखाच चालतो, मात्र अवरोहात मींडेतून (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत) निषाद आणि तीव्र मध्यम यांचा स्पर्श दाखवतो. या नात्यामुळे भूप कल्याणाच्या घरात गेला. देसकार उत्तरांगप्रधान (सप्तकाच्या वरच्या भागात खुलणारा) आहे आणि त्याची सोयरीक सकाळच्या बिलावल अंगाशी आहे. भातखंड्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मूळ मराठी ग्रंथही गुरुशिष्यांच्या संवादातूनच लिहिलेला आहे, तेव्हा अशा प्रश्नांचे त्यांना वावडे नसावे.

डबलबारीचा बुवा, मालवण
माझ्याकडे पदवी नाही, परंतु डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, देवळात समोरच्या बुवाने भूप धरला की देसकार, हे पेटीवरच्या पोराला पहिल्या ओळीतच कळावे लागते. आम्ही थाट विचारत नाही, गाणारा कुठे टेकतो ते पाहतो. भुपात षड्जाखाली (सा) मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत घेऊन तो वर येतो आणि गंधारावर विसावतो; देसकारात मध्य धैवतावर उभा राहून मग पंचमाकडे उतरतो आणि ऋषभ ओझरताच लावतो. विद्यार्थ्यांना दोन्ही रागांच्या बंदिशींची स्वरलिपी द्यावी आणि प्रत्येक स्वरवाक्य ज्या स्वरावर थांबते त्याला गोल करायला सांगावे. तक्ता त्यांनी स्वतः भरावा, तुम्ही फळ्यावर लिहून देऊ नये.

निवृत्त अध्यापक, रत्नागिरी
बुवांची युक्ती उत्तम आहे. एकच सावधगिरी बाळगावी: बंदिशीतील थांबे तालाच्या आवर्तनाने आणि शब्दांनीही ठरतात, त्यामुळे आलापातले न्यास (विसाव्याचे स्वर) ऐकून वेगळे टिपावेत. या सवयीसाठी मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्रिकूट भूप-देसकारापेक्षाही सोयीचे आहे. तिघांचे स्वर तेच आणि थाटही एकच, म्हणून थाटाचा घोळ मध्ये येत नाही. मारव्यात कोमल ऋषभ व शुद्ध धैवत, पूरियात गंधार व निषाद, आणि सोहनीत तार षड्जाभोवतीचा वावर, हे भेद कानाला लगेच जाणवतात.

पेटीवाली, कुडाळ
दोघांचेही आभार. आज गोल करण्याचा प्रयोग केला. भुपाच्या कागदावर गंधाराभोवती इतकी वर्तुळे झाली की त्या मुलीने वादी स्वर माझ्याआधी सांगितला. उत्तरासाठी मी असे लिहून दिले: "पाच स्वरांवरून थाट निश्चित होत नाही; शुद्ध कल्याणाशी असलेल्या साम्यामुळे भूप कल्याण थाटात, तर बिलावल अंगामुळे देसकार बिलावल थाटात मानतात." यातील 'मानतात' हा शब्द तिने अधोरेखित केला आणि विचारले, "मग आपण थाट आधी आणि राग नंतर का शिकतो?" पुढच्या तासाला मी मारवा घेणार आहे, आणि या वेळी थाटाचे नाव शेवटी सांगेन.