मेहता समितीवर उत्तर थांबवू नका

'परीक्षेत पंचायतराजच्या प्रश्नाला बलवंतराय मेहता समिती पुरते' असं एक मत आहे, ते अर्धंच बरोबर. मेहता समितीने (१९५७) खरं काम पंचायत समितीकडे दिलं, जिल्हा परिषद सल्ल्यापुरती ठेवली. महाराष्ट्रात नेमकं उलट झालं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१चा कायदा आला आणि जिल्हा परिषद बळकट झाली. कलेक्टर तिच्या बाहेर, मुख्य कार्यकारी अधिकारी (सीईओ) आत. मुलं इथेच घसरतात, मेहता समितीचा नमुना घेतलेल्या राजस्थानचं वर्णन महाराष्ट्राच्या नावावर खपवतात.

दुसरी हमखास चूक सचिवाची. जिल्हा परिषदेचा सचिव सीईओ नव्हे, तर सामान्य प्रशासनाचा उपमुख्य कार्यकारी अधिकारी. पंचायत समितीचा मात्र गटविकास अधिकारीच. गाईडांत याची सर्रास सरमिसळ असते, त्यामुळे कायद्याची प्रतच उघडा.