मदत हवी आहे: थ्री-बाय-थ्रीचा बास्केटबॉल नागपुरात कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. सिंगापूरला २०२५ मध्ये झालेला थ्री-बाय-थ्री (तीन विरुद्ध तीन बास्केटबॉल) आशिया कप पाहिल्यापासून माझी मुलगी आणि पुतण्या अर्ध्या कोर्टावरच खेळतात. १० मिनिटं किंवा २१ पॉइंट, जे आधी होईल ते!

अडचण बॉलची आहे. यात पुरुष आणि महिला दोघांनाही एकच बॉल: आकार ६ नंबरचा, वजन मात्र ७ नंबरचं. बर्डीवर दोन दुकानं फिरलो, साधा ६ नंबरच दाखवला. मुलीनं एकदा टप्पा पाडला आणि लगेच म्हणाली, "बाबा, हलका आहे, हा नाही."

धरमपेठ, शिवाजीनगरकडे कुठे मिळेल का? कोणाकडे जुना असेल तरी चालेल, फक्त दाणे झिजलेले नकोत. पुढच्या रविवारी पोरांचे सामने आहेत.