त्रिकोण एकरूप आणि १७, ५ पण एकरूप? शब्द एकच का?

पागोळी:
मी रत्नागिरीत बीएस्सी फर्स्ट इयरला आहे. शाळेत एकरूप त्रिकोण शिकले तेव्हा बाकोबा, कोबाको सगळं डोक्यात बसलं होतं, एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवला की तंतोतंत बसला पाहिजे. आता नंबर थिअरीत १७ ≡ ५ (मॉड १२) लिहितात आणि त्यालाही काँग्रुअन्सच, म्हणजे एकरूपताच म्हणतात. गणितं सुटतात, १७ मधून ५ गेले, १२ राहिले, त्याला १२ ने भाग जातो, झालं. पण १७ काय ५ वर "बसतो" का? कोणी नीट समजावेल का, दोन दिवस हेच डोक्यात आहे.

चिरेबंदी:
आमच्या परड्याला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा घातला तेव्हा मी गवंड्याजवळ बसून बघत होतो. मशीनवर कापलेले चिरे, ढिगातला हाताला येईल तो उचलायचा, फिरवायचा, बसवायचा. चिरे वेगवेगळेच, पण त्याच्या कामाला सगळे एकच. एकरूप म्हणजे एवढंच की ठरलेल्या हालचाली करून एक दुसऱ्यावर नेता येतो. त्रिकोणाला सरकवणं, फिरवणं, पालथं घालणं चालतं, ताणणं चालत नाही. संख्यारेषेवर मॉड १२ ला फक्त १२ घरांच्या उड्या चालतात, पुढे किंवा मागे. ५ वरून एक उडी मारलीस की १७, म्हणजे हो, ५ खरंच १७ वर बसतो! हवं तेवढं सरकायची मुभा असती तर सगळेच पूर्णांक एकरूप झाले असते, मग हातात काय उरलं?

आता हालचालींकडेच बघ. जागच्या जागी राहणं चालतं, केलेली हालचाल उलटी करता येते, एकापाठोपाठ दोन केल्या तरी चालतात. रिफ्लेक्सिव्ह, सिमेट्रिक, ट्रान्झिटिव्ह म्हणून जे पाठ करायला लावतात ते हेच, आणि दोन्हीकडे तेच. काँग्रुअन्सच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही जुळणं असाच आहे. संख्यांसाठी ≡ हे चिन्ह गणितज्ञ गाउसने १८०१ च्या पुस्तकात आणलं, तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

होडीवाला:
पागोळी, तुझ्या घरात कोणी दर्यावर जाणारं असेल तर त्यांना भरती कधी ते विचार. तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, भरती ३ च्या सुमाराला. अष्टमीला ६. शुद्ध की वद्य ते कोणी विचारत नाही, कारण महिन्याच्या ३० तिथी ओळीने मोजल्या तर वद्य चतुर्थी १९ वी आणि १९ ≡ ४ (मॉड १५). वेळ अंदाजाची असते, बंदराप्रमाणे मागेपुढे होते, पण तिथीचा १५ चा हिशोब पक्का. माझे आजोबा शाळेत फार गेले नव्हते तरी हे बोटांवर करायचे, त्याला मॉड म्हणतात हे मला कॉलेजात कळलं.

समईवात:
वरचं सगळं बरोबर, फक्त एक सांगते कारण परीक्षेत मुलं इथेच मार्क घालवतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार बिनधास्त कर, भागाकाराला थांब. ६ ≡ १८ (मॉड १२) खरं आहे, दोन्हीकडे २ ने भागलंस तर ३ आणि ९, त्यांच्यात फरक ६, त्याला १२ ने भाग जात नाही. २ हा १२ चाही अवयव आहे ना, म्हणून १२ लाही २ ने भागायचं, मग ३ ≡ ९ (मॉड ६) बरोबर येतं.

पागोळी:
चिरेबंदीदादा, उड्यांचं वाचलं आणि वहीत रेषा काढून ५, १७, २९ ला गोल केले, एकदम दिसलं! ताई, मग ५ ने भागलं तर १२ तसाच ठेवायचा ना? १० ≡ ७० करून बघितलं, २ आणि १४ आले, फरक १२.

समईवात:
हो गो, ५ आणि १२ मध्ये १ सोडून सामाईक अवयव नाही, म्हणून १२ तसाच. आता ८ ≡ २० ला ४ ने भागून बघ आणि मॉड किती राहतो ते इथे लिही.