जामीन मिळाला, पण जामीन मिळेना

खाडीकाठ:
काल दापोलीत एका वकीलबाईंच्या तोंडून ऐकलं, "त्याला जामीन मिळून दोन महिने झाले, पण जामीन मिळेना, म्हणून आतच आहे." दुसऱ्या ठिकाणी 'जामीनदार' नको का?

दप्तरी:
नको. बाईंचंच मराठी जुनं आणि अस्सल. अरबी 'झामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस. जुन्या कागदांत हजर करायची हमी घेणारा तो हाजिरजामीन, पैशाची घेणारा तो मालजामीन. हिंदीने सुटकेसाठी 'जमानत' वेगळा ठेवला. आपण एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकली आणि मग माणसाला शेपूट लावून 'जामीनदार' केला. 'जामीन राहणे' यात मात्र तो जुना माणूस शाबूत आहे.

रांपण:
आमच्या मालवणीतही 'मी तेका जामीन रवलंय' असंच म्हणतात. पण रवणं सोपं नाही हो. आमच्या ट्रॉलरवरचा नेपाळचा खलाशी मारामारीच्या केसमध्ये आत गेला. काका जामीन राहायला तयार. सातबारा काढला तर सामाईक, सतरा नावं, त्यातली सहा मयत, उरलेली गिरगाव ते विरार. ऐपतीच्या दाखल्यासाठी आधी तलाठी, मग तहसील. पोराचा ऑर्डरचा कागद झालेला, आणि पोरगा आत.

दप्तरी:
हेच दुखणं 1978 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मध्य प्रदेशातला मोतीराम, धंद्याने गवंडी. खालच्या कोर्टाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि सख्खा भाऊ जामीन राहत होता तर तो परजिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर चांगलंच झापलं. गरिबाला जातमुचलक्यावर सोडायला काय हरकत, हा तिथला मुद्दा.

खाडीकाठ:
जातमुचलक्यात जात कुठून आली?

दप्तरी:
ती ही जात नव्हे! अरबी 'झात', म्हणजे स्वतः. 'जातीने लक्ष घाला' म्हणतो ना, तीच. मुचलका तुर्की, म्हणजे लेखी कबुली. स्वतःच स्वतःची हमी लिहून द्यायची, मध्ये तिसरा माणूस नाही.

बोंडू:
हा फरक आता कायद्यातही आलाय. खटला रखडला तर कच्च्या कैद्याने (कागदोपत्री 'न्यायाधीन बंदी') कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढल्यावर त्याला सोडायचं, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 2005 च्या दुरुस्तीने आली, कलम 436-अ. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने घेतली. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळ पुरे. साध्या चोरीला कमाल 3 वर्षं धरली तर दीडऐवजी एक. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही, एकाहून जास्त केसेस चालू असतील तरी नाही.

शब्दचर्चेच्या दृष्टीने गंमत पुढे आहे. निम्म्या काळाला 'जामिनावर' सोडायचं म्हटलंय, पण पहिलटकराला 'बंधपत्रावर'. आणि याच संहितेत बंधपत्राची व्याख्या आहे, जामीनदाराशिवायची हमी. म्हणजे रांपणचा सातबारा तिथे लागायलाच नको.

रांपण:
लागायला नको खरं. आमचं प्रकरण त्याच्या आधीचं. काकांनी शेवटी शेजाऱ्याला गळ घातली. साडेतीन गुंठे, पण सातबाऱ्यावर एकच नाव! पोरगा सुटला, आता दुसऱ्या ट्रॉलरवर आहे. केसची तारीख मात्र अजून पडतेच आहे, आणि दर तारखेला शेजारी आम्हाला विचारतो, "इलो मा तो?"