लुझनाकला लीग २ मध्ये न घेणं हा अन्याय होता की नियम?

धागाकर्ता: डावी_बगल

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीजच्या कुशीत आरिएज नावाचा जिल्हा आहे. तिथलं लुझनाक हे सहाशेच्या आसपास वस्तीचं गाव. वर डोंगरात त्रिमूँची टाल्कची (शंखजिऱ्याची) खाण, खाली गावात त्याच टाल्कचा कारखाना, आणि 1936 पासूनचा एक फुटबॉल क्लब. हा क्लब 2009 मध्ये नॅशनलमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर पोचला. 2013-14 च्या मोसमात ऑर्लेआँच्या मागे दुसरा आला आणि लीग २ मधली, म्हणजे दुसऱ्या पायरीवरची जागा मैदानावर कमावली. 1998 चा विश्वविजेता गोलकीपर फाबियाँ बार्तेझ याच जिल्ह्यातला, तो तेव्हा क्लबच्या कारभारात होता.

पुढे काय झालं? जूनमध्ये आर्थिक तपासणी समितीने नकार दिला. क्लब भांडला, तो अडथळा पार झाला. मग व्यावसायिक फुटबॉल चालवणाऱ्या लीगने स्टेडियमवर बोट ठेवलं. ऑगस्टअखेर तुलूझच्या प्रशासकीय न्यायालयाने लीगचा निर्णय स्थगित करून फेरविचार करायला सांगितलं, लीगने पुन्हा नाहीच म्हटलं. तोवर मोसम सुरू झाला होता. खेळाडू मोकळे केले गेले आणि क्लब थेट प्रादेशिक हौशी लीगमध्ये जाऊन पडला.

माझं मत सरळ आहे: जागा मैदानावर मिळते, तर ती कागदावर काढून घेता येऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

फाटक_बंद:

धागाकर्त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये स्टेडियमचे नियम इतके कडक का, हे सांगायचं राहिलं. 5 मे 1992, बास्तियाचं फुरियानी मैदान, मार्सेविरुद्ध फ्रेंच कपची उपांत्य लढत. जास्त प्रेक्षक बसावेत म्हणून घाईघाईत तात्पुरता स्टँड उभा केला होता. तो सामन्याआधीच कोसळला. किमान 18 जण गेले, दोन हजारांवर जखमी. त्यानंतर 'यंदा चालवून घ्या, पुढच्या वर्षी बघू' असं म्हणायची कुणाची छाती होईल? गावातल्या मैदानात लीग २ होणार नाही, हे क्लबला वर्षभर आधीपासून दिसत होतं.

डावी_बगल:

गावातल्या मैदानाचा हट्ट कोण धरतंय? तुलूझच्या एर्नेस्ट-वॉलाँमध्ये खेळायची तयारी होती त्यांची. स्टाड तुलूझँचं, फ्रान्समधल्या सगळ्यात नावाजलेल्या रग्बी क्लबचं मैदान आहे ते. हजारो लोक तिथे दर मोसमात रग्बी बघतात आणि सुखरूप घरी जातात. फुरियानीचा इथे काय संबंध? तुलूझचं मोठं स्टेडियम 2016 च्या युरो स्पर्धेसाठी दुरुस्तीला काढलेलं. जायचं कुठे त्यांनी?

फाटक_बंद:

रग्बीचं मैदान आणि फुटबॉल लीगने मंजूर केलेलं मैदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्या समर्थकांना वेगळं बसवायची सोय, येण्याजाण्याच्या वेगळ्या वाटा... रग्बीत दोन्हीकडचे लोक मांडीला मांडी लावून बसतात. फुटबॉलमध्ये बसवून बघा!

पेठेतला:

आमच्या कोल्हापुरात बसवून बघा म्हणावं 😄

पण मला एक कळंना. शंभर किलोमीटरवर लांब तुलूझला खेळायचं, पोरं भाईरनं आणलेली, मग गावचा क्लब कसला ह्यो? नाव तेवढं गावाचं राहिलं की.

निळा_शर्ट:

@पेठेतला, हा निकष लावला तर ब्रिटनीतला गँगाँसुद्धा बाद होईल. गावाची वस्ती सात हजार, स्टेडियमची क्षमता त्याच्या दुपटीहून जास्त. लोक येतात ते आसपासच्या सगळ्या मुलखातून. द्रोग्बा आणि मालुदासारखे खेळाडू तिथूनच मोठे झाले. 2009 मध्ये लीग २ मध्ये असताना रेनला हरवून फ्रेंच कप जिंकला, 2014 मध्ये परत रेनलाच हरवून जिंकला. बाहेरची पोरं होती म्हणून गँगाँला गावाचा क्लब कुणी म्हणायचं सोडलं नाही.

फाटक_बंद:

आभार, माझंच काम केलंत. गँगाँने रुदुरू स्टेडियम 1990 मध्ये बांधलं आणि पहिल्या विभागात गेला 1995 मध्ये. आधी मैदान, मग बढती. लुझनाकचं नेमकं इथेच घोडं अडलं.

निळा_शर्ट:

नोएल ल ग्राएसारखा अध्यक्ष 1972 पासून पाठीशी असला की हे जमतं. तो माणूस पुढे गँगाँचा महापौर झाला, लीगचा आणि महासंघाचाही अध्यक्ष झाला. सहाशे वस्तीच्या गावाने असा माणूस आणायचा कुठून? म्हणजे छोट्या क्लबला वर जायचं तर आधी राजकारणातला वजनदार माणूस शोधा, असंच ना?

कडेवरचा_पंच:

दोघांचंही थोडं थोडं पटतंय, पण खरी चूक वेळापत्रकात आहे असं मला वाटतं. पैशाची तपासणी आणि मैदानाची तपासणी एकाच वेळी करून जूनमध्येच काय ते सांगायला हवं होतं. पहिल्या लढाईत उन्हाळा घालवायचा, ती जिंकली की दुसरी काढायची, हे बरोबर नाही. नॅशनलमध्येच थांबायची तयारी करायलाही क्लबला वेळ उरला नाही. एक पायरी वरचं सोडा, होती तीही जागा गेली. नियम पाळायला माझी हरकत नाही, पण नियम पाळताना क्लब मारायची गरज नव्हती.

फाटक_बंद:

वेळापत्रकाचं मान्य. पण खालच्या लीगपर्यंत घसरण झाली ती शेवटपर्यंत कोर्टकज्जे करत बसल्यामुळेही.

डावी_बगल:

न्यायालयाने त्यांच्या बाजूने स्थगिती दिली, त्याला 'कज्जे करत बसणं' म्हणता?

आणि फुटबॉल अस्सल होतं याचा पुरावा हवा असेल तर प्रशिक्षक ख्रिस्तोफ पेलिसिए बघा. लुझनाकनंतर त्याने आमियाँला 2017 मध्ये लीग १ मध्ये नेलं, मग लोरियाँला, मग 2024 मध्ये ओसेरला. तीन वेगळे क्लब! शिवाय त्या वर्षी लुझनाकच्या मागे तिसरा आलेला आजाक्सिओचा गाझेलेक लीग २ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी लीग १ मध्ये. लुझनाकच्या जागी लीग २ मध्ये वाचवलेला शातोरू मात्र वर्षभरात खाली आला.

फाटक_बंद:

गाझेलेककडे खेळायला मैदान होतं.