मदत हवी आहे : मेंढी जुळ्यातल्या एका कोकराला लुचू देत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही खटाव तालुक्यातले. घरची थोडीच मेंढरं आहेत. दिवसा माळावर चारायची, रात्री घराशेजारच्या वाड्यात. मूळची सगळी दख्खनी, म्हणजे बहुतेक वेळा एका वेताला एकच कोकरू. मग फलटणच्या निंबकर संस्थेने तयार केलेल्या नारी सुवर्ण जातीचा नर आणला, त्याच्यापासून झालेल्या तरण्या मेंढ्या आता विऊ लागल्यात. जुळ्यांचा गुण या जातीत बंगालकडच्या गारोळ मेंढीपासून आलाय. जुळी बघून घरात सगळे खूश, पण दोन पोरं सांभाळायची अक्कल काही त्या जनुकाबरोबर येत नाही असं दिसतंय.

काल पहाटे एक पहिल्या वेताची व्याली. पहिला बोकूड, म्हणजे नर कोकरू, दणकट, तिनं चाटून लख्ख कोरडा केला. दुसरी मादी बऱ्याच वेळाने आली, जेमतेम पावणेदोन किलोची. ती जवळ आली की मेंढी शेपटीखाली हुंगते, पाय आपटते आणि ढुशी मारते. बोकूड मात्र एका बाजूला लागून मजेत शेपूट हलवतोय. नाळेला दोघांच्याही आयोडीन लावलंय, वार वेळेत पडली. मेंढीला धरून मादीला थोडा चीक पाजलाय, पण पोट खपाटीला गेलंय आणि पाठीची कमान करून उभी असते.

सासूबाईंचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. त्यांनी मादीच्या पाठीवर मिठाचं पाणी चोळायला सांगितलं. बाईसाहेबांनी मीठ चाटून संपवलं आणि मग ढुशी मारली! आता त्या म्हणतात, दारातल्या शेळीला लावून टाक. घरच्यांचं म्हणणं सरळ बाटली सुरू करू. मला आईजवळच राहिलेली हवी. अजून काय करून बघू? आणि बाटली द्यायचीच तर किती, कशी?

प्रतिसाद, जतहून

ताई, आमच्याकडं माडग्याळ मेंढ्या. त्यांना जुळं कमीच, पण दुसऱ्याला ढकलायचा प्रकार बघितलाय. मेंढीचा राग कोकरावर आहे का कासेच्या दुखण्याचा, हे आधी बघा. मेंढीला सड दोनच. एक बाजू दुखरी असंल तर चांगल्या बाजूला लागलेलं पोर ठेवती आणि दुखऱ्या बाजूला येणाऱ्याला हाणती. लोक म्हणत्यात माया नाही. दोन्ही बाजू हातानं दाबून बघा, गरम लागती का, गाठ हाय का. दोन्हीकडनं धार काढून काळ्या ताटलीत बघा, गुठळ्या दिसतील. पहिलारूचं सड कधीकधी बुजलेलंबी असतंय, दोन धारा जोरानं काढल्या की मोकळं होतंय.

प्रतिसाद, एक पशुवैद्यक

वरचा सल्ला बरोबर आहे, पण त्याआधी कोकराच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागलं तर दूध पाजायची घाई नको. कोकराचं तापमान ३९ ते ४० अंश हवं. ३७ च्या खाली गेलेल्या कोकराला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं. अंग कोरडं करा, पोत्यात गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून दोन्ही कुशींना लावा. चोखायला लागलं की मगच पाजा.

चीक पहिल्या २४ तासांतच कामाचा, त्यातही पहिले सहा तास मोलाचे. नंतर आतडं त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं घेईनासं होतं. दिवसभरात किलोमागे साधारण २०० मिली धरा. म्हणजे तुमच्या कोकराला साडेतीनशेच्या आसपास, पाच-सहा वेळा विभागून. बाटली देताना कोकरू पायावर उभं हवं. बाळासारखं उताणं मांडीवर घेऊन पाजू नका.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. तोंड गार नव्हतं, एवढं बरं. डाव्या बाजूला हात लावला तर मेंढी खाली बसायलाच लागली. ती बाजू कडक आणि गरम आहे, धारेत पिवळसर गुठळ्या. बोकूड उजवीकडेच लुचतो, हे आता लक्षात आलं. १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या मदत क्रमांकावर फोन लावला होता, डॉक्टर येऊन कासदाहाचं इंजेक्शन देऊन गेले. डाव्या बाजूचं दूध काढून फेकायचं, कोकरांना नाही द्यायचं.

सासूबाईंनी मला न विचारता मादीला शेळीखाली घातलंय. शेळीला आधीच एक करडू, तरी पाय फाकवून उभी राहिली. शेळीचं दूध पुरेल ना?

प्रतिसाद, जतहून

पुरतंय की. मेंढीच्या दुधाइतकं घट नसतंय, म्हणून थोडं जास्त वेळा पाजा. शेळीचं करडू उपाशी राहात नाही ना तेवढं बघा. मादीला आईच्या नजरेआड करू नका, रात्री डालग्याखाली आईच्या शेजारीच ठेवा. मेंढीची मान दोन उभ्या दांडक्यांत अडकवून दिवसातनं तीन-चार वेळा उजव्या सडाला लावा, बोकडाला तेवढा वेळ बाजूला धरा. दोन-तीन दिवसांत घेतली तर घेतली. नाहीतर शेळीवर वाढू द्या, सासूबाईंचं ऐका.

आणि एक. बाजू बरी झाली तरी आत गाठ राहिली, तर पुढच्या वेताला ती मेंढी जुळ्यांसाठी ठेवू नका. ती पोरगी मात्र विकू नका. आईचा जुळ्याचा गुण तिच्यात उतरला असायची निम्मी शक्यता हाय.

धागाकर्ती

विकायचा प्रश्नच नाही, धाकट्यानं तिचं नाव ठेवून झालंय. मान अडकवायला बैलाच्या गोठ्यातलं लाकूड मोठं पडतंय. मेंढीसाठी दोन दांडक्यांत किती अंतर ठेवता तुम्ही?