मदत हवी आहे: हेविवेट जेतेपदाच्या लढतीचं भाकीत कशाच्या आधारावर करावं?

फोंडेकर

नमस्कार मंडळी. आमच्या फोंड्याच्या क्रीडा मंडळात बॉक्सिंगच्या येत्या हेविवेट लढतीसाठी भाकिताचा कागद भरायचा आहे. पैशांचा संबंध नाही, फक्त गुण. विजेता ओळखला तर २, निकाल गुणांवर की नॉकआउटवर याला ३, आणि नॉकआउट असेल तर कोणत्या टप्प्यात (फेरी १ ते ४, ५ ते ८, ९ ते १२) याला ५.

एकीकडे पायांनी चपळ, डावखुरा, सध्याचा विजेता. दुसरीकडे त्याच्याहून बराच उंच, उजव्या हाताचा ठोसा जबरदस्त असलेला आव्हानवीर. नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चाहत्यांचे दोन तट पडतात आणि प्रश्न बाजूलाच राहतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी २०२३ साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं बॉक्सिंग पाहिलं आहे. व्यावसायिक लढतींचे मात्र हायलाइटच. त्यामुळे सगळे ठोसेबाजाकडे झुकलेत. नक्की काय बघावं? वजनं जाहीर झाल्यावर मत बदलावं का? आणि कागद कधी बंद करावा?

डिचोलीकर

फोंडेकरबाब, हायलाइट आधी बंद करा. त्यात बसलेला ठोसा दिसतो, हुकलेले चाळीस दिसत नाहीत. शिवाय तुम्ही पाहिलेलं हौशी बॉक्सिंग तीन फेऱ्यांचं. तिथे सुरुवातीपासून जोर लावून चालतं. जेतेपदाची लढत तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. सहाव्या फेरीनंतर माणूस बदलतो आणि भाकीत तिथेच चुकतं.

आव्हानवीराची डावखुऱ्याविरुद्धची एखादी पूर्ण लढत शोधा. आवाज बंद ठेवा, समालोचकाचं मत नकळत आपलं होतं. २, ६ आणि १० या फेऱ्या दोनदा बघा, पहिल्यांदा फक्त पाय. उजवा बॉक्सर आणि डावखुरा समोरासमोर आले की दोघांची पुढची पावलं एकमेकांना भिडतात. ज्याचं पुढचं पाऊल बाहेरच्या बाजूला, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. आव्हानवीराचा डावा पाय सतत आत अडकत असेल तर त्याचा तो उजवा ठोसा कितीही जड असो, तो खांद्यावर नाहीतर हवेत जाणार. मग बघा, तो उजवा जॅबच्या (पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाच्या) मागून येतो की नुसताच? नुसता येत असेल तर चपळ माणसाला तो आधीच दिसतो.

दुसऱ्यांदा दमाकडे बघा. जॅब मोजा. दुसऱ्या फेरीत वीस आणि दहाव्या फेरीत आठ असतील तर उत्तर मिळालं. ठोसा मारून हात हनुवटीशी परत येतो की छातीशीच राहतो? पोटात जॅब बसल्यावर कोपर खाली येतं का? कोपर खाली आलं की पुढचा ठोसा डोक्याला, हा डावखुऱ्यांचा जुना हिशेब आहे.

रिंगसाइड

वजनाबद्दल. हेविवेटला २०० पाउंडांच्या (९०.७ किलो) वर मर्यादाच नाही, त्यामुळे काट्यावरचा आकडा ही सक्ती नसते, निवड असते. त्यातून बेत कळतो. सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०१९ चं. जूनमध्ये अँडी रुईझने अँथनी जोशुआला सातव्या फेरीत थांबवलं. डिसेंबरच्या परतीच्या लढतीत रुईझ सुमारे १५ पाउंड वाढून २८३ वर आला, जोशुआ सुमारे १० पाउंड उतरवून २३७ वर. जोशुआला जॅब मारून सरकत राहायचं होतं आणि रुईझकडे त्याला कोपऱ्यात गाठायला पाय उरले नव्हते. तिन्ही जजांचे गुण जोशुआकडे: ११८-११०, ११८-११०, ११९-१०९.

म्हणून नुसतं वजन बघू नका, त्या बॉक्सरच्या मागच्या दोन-तीन लढतींच्या वजनाशी ताडून बघा. चार-पाच पाउंडांच्या फरकाने काही ठरत नाही. काही जण कपड्यांसकट काट्यावर चढतात, तेही लक्षात घ्या. दहाच्या वर फरक असेल तरच मत हलवा. वजनं बहुधा आदल्या दिवशी होतात, तेव्हा लढत शनिवारी रात्री असेल तर कागद शनिवारी संध्याकाळी बंद करा. लढत रियाधला असेल तर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे रविवारचे पहाटेचे अडीच.

फोंडेकर

खूप उपयोगी. टप्पा कसा ठरवायचा? आणि पैजांच्या संकेतस्थळांवर जे भाव दिसतात, त्यांना किती मानावं?

डिचोलीकर

विजेता आणि टप्पा वेगळे काढू नका. ठोसेबाज जिंकणार असेल तर बहुधा लवकर, कारण ताज्या पायांनीच तो माणूस गाठतो. वेगाने दमवणारा नॉकआउट करणार असेल तर बहुधा उशिरा. अपवाद आहेतच: २०२५ मध्ये वेम्बलीला चपळ डावखुऱ्या उसिकने ठोसेबाज डुबॉईसला पाचव्याच फेरीत संपवलं. तरी ‘डावखुरा, १ ते ४’ असं लिहिणाऱ्याने कारण द्यायला हवं.

भाव म्हणजे बाजाराचं मत. १.४० आणि ३.०० असे दशांश भाव असतील तर १ ला भावाने भागा: ७१.४ आणि ३३.३ टक्के. बेरीज १०४.७ येते, वरचे ४.७ दुकानदाराचे. प्रत्येक आकडा १०४.७ ने भागलात की खरे ६८ आणि ३२ उरतात. तुमचं मत त्यापासून पंधरा-वीस टक्के दूर असेल तर ते कोणत्या निरीक्षणामुळे, हे कागदावर लिहा. बाजारही फसतो. १९९० मध्ये टोकियोत डग्लसवर ४२ ला १ भाव होता आणि टायसन दहाव्या फेरीत पडला.

रिंगसाइड

फोंडेकरबाब, कागदावर बरोबरीचा रकाना दिसत नाही, तो घाला. मे २०२४ ची उसिक-फ्युरी लढत घ्या. जजांचे आकडे ११५-११२ आणि ११४-११३ उसिककडे, ११४-११३ फ्युरीकडे. जिंकलेल्या फेरीला १०, हरलेल्याला ९, म्हणजे बारा फेऱ्यांची बेरीज २२८ व्हायला हवी. इथे तिन्ही ठिकाणी २२७ आहे, कारण नवव्या फेरीत फ्युरी फक्त दोरांच्या आधाराने उभा राहिला तेव्हा तो पडला असं धरून रेफरीने मोजणी केली आणि ती फेरी १०-८ झाली. ती मोजणी काढून फ्युरीला एकेक गुण परत द्या: एक जज उसिककडे, एक फ्युरीकडे, तिसऱ्याकडे ११४-११४. लढत बरोबरीत. विजेत्याचे २ गुण अशा वेळी कोणाला द्यायचे, ते आधीच ठरवून ठेवा.